फॉलच्या सुईची भोकं

साडी एकदा तरी नेसली गेली आहे की नाही, हे ओळखायला मला आता दोन मिनिटं पुरतात. आधी घडी पाहायची. आमचे सेल्समन बाबूजी तीस वर्षं एकाच मापाने घडी घालतात. घरी कितीही नीट इस्त्री केली तरी त्या रेघेवर रेघ बसत नाही. मग पदराचा डाव्या खांद्यावर येणारा भाग. तिथे पिनेची दोन बारीक भोकं असतात. मग वास. कपाटात राहिलेल्या साडीचा वास वेगळा आणि अंगावर राहिलेल्या साडीचा वेगळा. शेवटी खालचा काठ, उजेडासमोर ताणून धरायचा. फॉल लावून उसवला असेल तर सुईची भोकं एका ओळीत दिसतात. सुती साडीत ती पाण्याने बुजतात, रेशमात बहुधा राहतात.

हे सगळं मी 2021च्या दिवाळीनंतर शिकले. त्याआधी आमच्या दुकानात त्याची गरज नव्हती.

इंदूरच्या सीतलामाता बाजारात, राजवाड्याच्या जवळच, आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. माहेश्वरी आणि चंदेरी जास्त, थोड्या पैठण्या, बाकी सणावाराच्या साध्या साड्या. गल्ल्याच्या वर पत्र्याची पाटी होती: 'बिका हुआ माल वापस नहीं होगा।' ती दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लावलेली. सकाळी भवानीच्या आधी कुणी परतीची पिशवी गल्ल्यावर ठेवली तर त्यांचा चेहरा दुपारपर्यंत उतरलेला असे. पण पाटी सगळ्यांना सारखी लागू नव्हती. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, तिथल्या ओळखीच्या मराठी घरांतून साडी परत आली की दादा मुकाट्याने बदलून देत. पाटी होती ती देपालपूर-सांवेरहून बाजाराला आलेल्यांसाठी, ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नसत.

एका लग्नसराईत मी दुकानात बसलेली असताना असंच एक जोडपं आलं. मुलीच्या साखरपुड्यासाठी नेलेली साडी घेऊन. लग्न मोडलं होतं. बाई म्हणाली, "घडी भी नी खोली, भिया." खरंच उघडली नव्हती, आमची टाचणीसुद्धा जागेवर होती. दादांनी मान वर करून पाटीकडे पाहिलं, बस. ती दोघं काही बोलली नाहीत. बाई उतरून दुकानाच्या पायरीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच राहिली. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या वहिनींची चार महिन्यांपूर्वीची साडी दादांनी बदलून दिली होती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे दादांचे गुडघे दुखायला लागले आणि दुकान माझ्याकडे आलं. 2021च्या दिवाळीला मी पाटी काढली. दादा तेव्हा घरी असत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ओळखीच्यांचं काय करणार?" मी म्हटलं, "सगळ्यांना एकच नियम." ते पुढे बोलले नाहीत.

नियम ठरवायला दोन महिने लागले होते. ग्राहक संरक्षण कायदा 2019चा, जुलै 2020पासून लागू झालेला. तो वाचल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की दादांच्या पाटीला निदान एका बाबतीत अर्थच नव्हता. माल सदोष असेल तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात काहीच लिहिलं नसेल तर 30 दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाटी लावली म्हणून ते टळत नाही. उलट, साडी चांगली आहे पण सासूबाईंना रंग आवडला नाही, यासाठी परत घ्यायला कायदा कुणाला भाग पाडत नाही. ते दुकानदाराने आपल्या मनाने द्यायचं असतं. म्हणजे जे मी सुरू करणार होते त्यातला मोठा भाग कायद्याचा नव्हता, माझा होता. त्याच्या अटीही मलाच लिहायच्या होत्या.

त्या अशा लिहिल्या: साडी नेसलेली नसावी, फॉल-पिको केलेला नसावा, ब्लाउजपीस कापलेला नसावा, लेबल जागेवर असावं, मग 15 दिवसांत बिल दाखवून पूर्ण पैसे परत. रोख दिलेले रोख, यूपीआयने दिलेले यूपीआयने. क्रेडिटची चिठ्ठी देऊन 'यातून दुसरं काही घ्या' असा आग्रह करायचा नाही. कारण विचारायचं नाही. आमच्या सीएंनी सांगितलं की प्रत्येक परतीची क्रेडिट नोट, म्हणजे विक्री रद्द झाल्याचा हिशेबातला कागद, निघाली पाहिजे, नाहीतर साडीवरचा 5 टक्के जीएसटी विक्री नसताना आपल्या खिशातून जाईल. त्यामुळे कच्चं बिल बंद झालं. प्रत्येक माहेश्वरीला स्वतःचा नंबर मिळाला, कारण हातमागावरच्या दोन साड्या सारख्या नसतात. हा नंबर पुढे माझ्याविरुद्धच साक्षीला उभा राहिला.

बाजारातले शेजारी म्हणाले, बुडशील. त्यांचंही खरं होतं. मोठ्या कंपनीच्या दुकानातून परत आलेला माल कंपनीकडे तरी जातो. मी माहेश्वरला विणकराकडून साडी घेते तेव्हा पैसे देऊन मोकळी होते. त्याने मागावर दिवसचे दिवस घातलेले असतात, त्याला 'ही घे परत' म्हणायची सोय नाही आणि मी ते म्हणणारही नाही. साडी परत आली की नुकसान माझ्याच फडताळात येऊन बसतं.

पहिलं वर्ष मात्र फार चांगलं गेलं. एक आजोबा बायकोसाठी साडी घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशी आजींनाच घेऊन आले. अनोळखी बायका पंधरा-पंधरा मिनिटं घोळ घालण्याऐवजी दोन साड्या नेत आणि बऱ्याचदा दोन्ही ठेवून घेत. महूहून एक बाई मुद्दाम येत, म्हणत, "तुमच्याकडे घेताना भीती वाटत नाही." हे वाक्य मी घरी येऊन दादांना सांगितलं होतं.

मग 2022ची नवरात्र आली. नऊ दिवस नऊ रंगांची साडी नेसायची पद्धत महाराष्ट्रातून व्हॉट्सॲपवरून आमच्याकडे कधी आली कळलंही नाही, पण आता ऑफिसांत, शाळांत, मंडळांत ती पक्की झाली आहे. नऊ रंग कुणाच्या कपाटात असतात? दसऱ्यानंतरच्या आठवड्यात 11 साड्या परत आल्या. करड्या, नारिंगी, मोरपंखी. सगळ्यांची लेबलं जागेवर. लेबल तेव्हा घडीच्या कोपऱ्याला प्लास्टिकच्या दोऱ्याने लावलेलं असायचं, ते निऱ्यांत खोचलं की दिसत नाही. मला शंका आली. पण माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, मळलेली बाजू आत घालून घडी केली की वरून साडी कोरी दिसते, आणि तेव्हा मला काठ ताणून पाहायची सवय नव्हती. गर्दी होती. दिवाळीचा माल उतरत होता. मी क्रेडिट नोटा काढल्या आणि बाबूजींना म्हटलं, "नीट घडी करून ठेवून घ्या."

हे वाक्य मी पुन्हा सांगणार आहे.

2023ची संक्रांत रविवारी आली, 15 जानेवारीला. काळी साडी आमच्याकडे वर्षातून एकदाच खपते, संक्रांतीच्या आधीचे आठ-दहा दिवस. त्यानंतर मराठी घरांत कुणी ती सणाला घेत नाही, आणि परत आली तर पुढच्या जानेवारीपर्यंत पडून राहते. हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात आणि त्या वर्षी रथसप्तमी 28 तारखेची होती. संक्रांतीपासून तेरा दिवस. माझी मुदत पंधराची. मी ती ठरवताना हा हिशेब केला नव्हता. दुसऱ्यांनी केला.

30 जानेवारीला आमच्याच भागातल्या एक वहिनी आल्या. मुलगी लहान असताना तिला त्यांच्याकडे ठेवून मी दुकानात यायची, इतकी जुनी ओळख. काळी चंद्रकळा, 3,400 रुपयांची. मुदत उलटून दोन दिवस झाले होते. त्या हसत म्हणाल्या, "अगं, नेसायचं राहूनच गेलं." मी साडी उघडली. पदराच्या टोकाला हळदीचं बोट होतं, कुणीतरी हळद लावताना ओघळलेलं, आणि आत घडीत तिळाचे दोन दाणे. मी ते पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं. काउंटरवर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी गल्ल्यातून 3,400 काढून दिले. त्या म्हणाल्या, "ये ना तिळगूळ घ्यायला, अजून आहे डब्यात."

पैशांपेक्षा मला दुसरंच लागलं. त्यांना माझ्या नियमाचा अर्थ कळलाच नव्हता, किंवा कळून त्यांनी तो बाजूला ठेवला होता. त्यांच्या लेखी मी जुनीच भीड पाळली, ओळखीच्या माणसासाठी दादा करायचे तशी. त्या आठवड्यात माझ्या वडोदऱ्याच्या मावसबहिणीशी बोलले. ती कुर्ते ऑनलाइन विकते. तिच्याकडे परतीच्या पाकिटात नव्या कुर्त्याऐवजी कुणाचा तरी विटलेला कुर्ता येतो, म्हणून ती प्रत्येक पाकीट मोबाइलवर चित्रण करत उघडते, नंबर मोठ्याने वाचते, मग दावा दाखल करते. कधी पैसे मिळतात, कधी मिळत नाहीत. ती म्हणाली, "ताई, तुझ्याकडे माणूस निदान समोर तरी येतो." मला तेच जड जात होतं.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने एल. एल. बीन या मेन राज्यातल्या दुकानाबद्दल सांगितलं आणि मी नंतर बसून ते सगळं वाचलं. 1912मध्ये बीन नावाच्या माणसाने शिकारीचे बूट विकायला सुरुवात केली. पहिल्या 100 जोड्यांपैकी 90 परत आल्या, कारण चामड्याची शिवण रबराच्या तळव्यापासून सुटली. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारले. पुढे वस्तू कधीही परत घेऊ ही त्या दुकानाची ख्याती झाली, शंभरेक वर्षं टिकली. लोक जुन्या बाजारातून त्या कंपनीचे झिजलेले बूट विकत घेऊन नवे बदलून मागू लागले. अशा परतींत कंपनीने पाच वर्षांत 25 कोटी डॉलर गमावल्याचं सांगितलं गेलं आणि फेब्रुवारी 2018मध्ये मुदत एका वर्षावर आली, तीही पावती दाखवून. अमेरिकेतल्याच आरईआय या गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानाने 2013मध्ये हेच केलं होतं. मी त्या 90 जोड्यांचा फार विचार केला. त्या माणसाने पैसे परत दिले ते चूक त्याची होती म्हणून. गिऱ्हाईक खरं बोलत होतं आणि त्याने ते मानलं. सगळं त्यावर उभं होतं.

पण तेव्हा मी त्यातून घेतलं ते एवढंच, की मुदत आवळली पाहिजे. फेब्रुवारीत मी कडक झाले. काउंटरवर मोठा दिवा लावला. काठ, पदर, वास, घडी, सगळं तपासायला लागले. पहिल्याच आठवड्यात दोन साड्या नाकारल्या, दोन्ही खरोखर नेसलेल्या होत्या, आणि मला आपण बरोबर करत आहोत असं वाटलं.

तिसऱ्या काकू होत्या. सुदामा नगरच्या. मी त्यांना आधी फक्त एकदा पाहिलं होतं, साडी घेताना. सुनेच्या डोहाळजेवणासाठी त्यांनी मोरपंखी माहेश्वरी नेली होती, 4,200 रुपयांची, आणि सहाव्या दिवशी परत आणली. म्हणाल्या, "सुनेने घडी उघडली तर काठाला भोकं दिसली. दुसरी द्या, नसेल तर पैसे द्या. पंधरा दिवस आहेत ना?"

मी दिव्याखाली काठ ताणला. एका ओळीत सुईची भोकं. खांद्याला पिनेची दोन. मी म्हटलं, "काकू, फॉल लावून काढलेला दिसतोय. ही नेसलेली साडी आहे."

"आम्ही घडी मोडलीसुद्धा नाही, आत्ता तिने उघडली तीच."

"भोकं आपोआप पडत नाहीत."

काउंटरवर त्या दिवशीही दोन गिऱ्हाइकं होती. एकीने साडीकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी साडी स्वतः घडी केली, चुकीच्या मापाची, हात थरथरत होते म्हणून, आणि पिशवीत घातली. जाताना म्हणाल्या, "मी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आहे हो." दुसरं काही नाही. त्या पायरी उतरत असताना मला ते देपालपूरचं जोडपं आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी पुढच्या गिऱ्हाइकाला चंदेरी दाखवायला घेतली.

रात्री नाकारलेल्या परतींची नोंद करायला बसले. साडीचा नंबर टाकला आणि स्क्रीनवर दोन बिलं आली. पहिलं सप्टेंबर 2022चं, नवरात्रीच्या तोंडावरचं. त्याखाली दसऱ्यानंतरची क्रेडिट नोट. त्याखाली काकूंचं बिल.

नीट घडी करून ठेवून घ्या. बाबूजींनी नीट घडी केली होती, आपल्या मापाची. पिनेची भोकं, फॉलची भोकं, सगळं त्या मापात बंद करून साडी कोऱ्या साड्यांच्या थप्पीत गेली होती. कुणीतरी मोरपंखी रंगाच्या दिवशी ती मिरवली, पैसे परत घेतले, आणि ती मी नवी म्हणून, पूर्ण किमतीला, एका खऱ्या बोलणाऱ्या बाईला विकली. मग तिलाच चारचौघांत खोटं ठरवलं. त्या 11 साड्यांपैकी आणखी किती अशाच गेल्या ते शोधलं. सात विकल्या गेल्या होत्या.

काकूंनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला असता किंवा जिल्हा ग्राहक आयोगात गेल्या असत्या, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 5 लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फीसुद्धा लागत नाही. पण मला झोप लागली नाही ती त्यामुळे नाही. ज्या बाईच्या साडीत तीळ सापडले तिला मी पैसे दिले आणि जिच्या साडीत माझीच चूक होती तिला हाकललं. दोघींत फरक एवढाच होता की पहिलीला मी ओळखत होते.

सकाळी दुकान उघडायच्या आधी सुदामा नगरला गेले. पत्ता बिलावर नव्हता, मोबाइल नंबर होता. फोन करून विचारला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग सांगितला. मी 4,200 रुपये आणि दोन्ही बिलांची छापील प्रत नेली होती. सगळं सांगितलं, नवरात्रीपासून. सून आतून येऊन दारात उभी राहिली होती. काकूंनी बिलं चष्मा लावून वाचली, तारखांवर बोट ठेवत, वही तपासावी तशी. मग म्हणाल्या, "तुम्ही मला हे त्या दोघींसमोर बोललात." मी म्हटलं, हो. त्या दोघी कोण होत्या मला माहीत नव्हतं, त्यांना शोधून सांगणं शक्य नव्हतं. त्यांनी पैसे घेतले. चहा विचारला नाही, आणि ते बरोबर होतं.

बाकीच्या सात जणींना मी फोन केले. चौघींनी साडी आणून पैसे नेले, दोघी म्हणाल्या आम्हाला काही दिसलं नाही, राहू द्या. त्यांना मी तरीही निम्मे पैसे पाठवले. एकीचा नंबर बंद होता. बाबूजींना फार वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं की ठेवून घ्या असं मीच म्हटलं होतं.

मग त्या वहिनींकडे गेले, तिळगुळाच्या निमित्ताने नाही. म्हटलं, "वहिनी, चंद्रकळा नेसलेली होती. मी तेव्हा बोलले नाही ही माझी चूक. यापुढे नेसलेली साडी मी घेणार नाही, तुमचीसुद्धा." त्या रागावल्या. एवढ्याशा साडीवरून, म्हणाल्या. मग मी त्यांना मोरपंखी साडीचं सांगितलं, नाव न घेता. त्या ऐकत राहिल्या. पैसे त्यांनी दिले नाहीत, मी मागितलेही नव्हते. अजून आमच्यात पूर्वीसारखं नाही आणि ते मला लागतं.

पंधरा दिवस मी तसेच ठेवले आहेत. बदललं ते लेबल. आता ते पदरावर, खांद्याच्या खाली दिसेल अशा जागी, जाड लाल दोऱ्याने शिवतो. साडी घरी उघडून, अंगावर लावून, आरशात पाहून, सासूबाईंना दाखवून परत आणता येते. लेबल घालून हळदीकुंकवाला जाता येत नाही. दोरा कापला की साडी तुमची, हे बिल करताना प्रत्येकीला तोंडाने सांगतो, ओळखीच्यांना आधी. परत आलेली प्रत्येक साडी थप्पीत जायच्या आधी दिव्याखाली मी स्वतः पाहते. त्यातूनही एखादी नेसलेली निसटली तर ती वेगळ्या फडताळात जाते, खाली किंमत आणि वर चिठ्ठी: 'एकदा नेसलेली'. ती चंद्रकळा तिथेच होती. पुढच्या जानेवारीत एका कॉलेजच्या मुलीने 1,500ला नेली, हळदीचा डाग पाहून, हसत.

2023च्या पाडव्याला काकू आल्या. मी त्यांना येताना पाहिलं आणि उठून उभी राहिले. त्यांना बारशासाठी साडी हवी होती, सुनेला मुलगी झाली होती. मी माहेश्वरी दाखवल्या. त्यांनी एक निवडली, आंबा रंगाची, आणि म्हणाल्या, "उघडा." मी पूर्ण उघडली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि काठाचं एक टोक हातात घेऊन दिव्याखाली धरलं. दुसरं टोक मी धरलं. त्या वीत-वीत पुढे सरकत गेल्या, पदरापर्यंत, मग उलट बाजूने परत. दुकानात गर्दी होती, पाडव्याची. कुणी काही विचारलं तर मी म्हणत होते, "थोडं थांबा, काकू बघतायत."